उलटतपासणीला उभा राहिलेला बॅरिस्टर : सामाजिक चिंताविकाराच्या नावाचा इतिहास (थ्रेड)

१/७ मुंबईचे स्मॉल कॉज कोर्ट, १८९० च्या दशकाचा आरंभ. विलायतेहून परतलेला तरुण बॅरिस्टर पहिल्याच खटल्यात उलटतपासणीसाठी उभा राहतो. पाय थरथरतात, डोके गरगरते, एकही प्रश्न सुचत नाही. तो खाली बसतो. त्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी.

२/७ ही हकीकत गांधींनी स्वतःच आत्मकथेत नोंदवली आहे. ३० रुपयांची फी परत देऊ करून त्यांनी खटला सोडला. तो ५१ रुपयांवर दुसऱ्या वकिलाकडे गेला. पुरती हिंमत येईपर्यंत नवा खटला न घेण्याचे त्यांनी ठरवले. त्यापूर्वी लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीतही ते गप्पच बसत. एकदा मत लिहून नेले, तेही दुसऱ्याने वाचून दाखवले.

३/७ अशा माणसासाठी समाजाकडे तेव्हा 'लाजाळू' आणि 'भित्रा' असे दोनच शब्द होते. याच सुमारास वैद्यकात मात्र या भीतीचा अभ्यास सुरू होत होता. १९०१ मध्ये पॉल हार्टेनबर्ग यांनी लाजाळूपणावर फ्रेंच भाषेत ग्रंथ लिहिला. पुढे जपानमध्ये शोमा मोरिता यांनी लोकांसमोर येण्याच्या भीतीवर उपचारपद्धती घडवली.

४/७ १९६६ मध्ये ब्रिटनमधील आयझॅक मार्क्स व मायकेल गेल्डर यांनी ही भीती इतर भयगंडांहून वेगळी दाखवली. १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत 'सोशल फोबिया'ची नोंद झाली. २०१३ पासून तिथे 'सामाजिक चिंताविकार' हेच मुख्य नाव आहे.

५/७ लाज सर्वांनाच वाटते. लोक आपल्याला हसतील ही भीती साधारण सहा महिने वा अधिक काळ टिकते आणि शिक्षण, काम, नातेसंबंध यांत अडथळा आणते, तेव्हाच तिला विकार म्हणतात.

६/७ त्यामुळे गांधींना मागाहून हे निदान चिकटवणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. त्यांचा पुढचा प्रवास मात्र नोंदलेला आहे. १८९३ मध्ये प्रिटोरियात हिंदी व्यापाऱ्यांच्या सभेत ते व्यापारातील सचोटीवर बोलले. श्रोते आपलेच, विषय मनात पक्का. त्यांच्या मते हे त्यांचे आयुष्यातील पहिले जाहीर भाषण होते.

७/७ आजचे बोधात्मक वर्तनोपचारही भीतीला पायरीपायरीने सामोरे जायला शिकवतात. गरजेनुसार औषधेही असतात. लाजरेपणा आपल्याला कायमचा सोडून गेला, असा दावा गांधींनी केला नाही. त्यानेच शब्दांची काटकसर शिकवली, असे ते मानत. कोर्टात गप्प बसलेल्या त्या तरुणाजवळ आपल्या भीतीसाठी नाव नव्हते. आज तोंडी परीक्षेत गप्प होणाऱ्या विद्यार्थ्यासाठी नाव आहे, उपचारही आहेत. त्याला 'भित्रा' म्हणण्याचे कारण आता उरलेले नाही.