विलो, शोभेचा : रोग व कीड

सॅलिक्स प्रजातीतील जी झाडेझुडपे बागेत शोभेसाठी लावतात त्यांचे रोग, त्यांवरील किडी आणि त्यांचा बंदोबस्त. येथे मुख्यतः ब्रिटन व पश्चिम युरोपातील बागा विचारात घेतल्या आहेत. महाराष्ट्रात ओढ्यानद्यांच्या काठी वाढणारे वाळुंज याच प्रजातीतले.

विलोची फांदी ओल्या मातीत खोचली की फुटते. या सोयीमुळे पिवळ्या, लोंबत्या फांद्यांच्या ‘क्रायसोकोमा’ वाणाची झाडे पिढ्यान्‌पिढ्या कलमांनीच वाढवली गेली. ती आनुवंशिकदृष्ट्या एकच असल्याने एकाला जे बाधते ते सर्वांना बाधते, आणि रोगट कलमाबरोबर रोगही नव्या बागेत पोचतो. म्हणून प्रतिबंधाची सुरुवात निरोगी मातृवृक्षापासून करावी लागते.

या वाणाचा नेहमीचा शत्रू म्हणजे मार्सोनिना सॅलिसिकोला बुरशीचा करपा. वसंत ऋतू पावसाळी गेला की पानांवर जांभळट-तपकिरी बारीक ठिपके पडतात, पाने मुडपतात, पिवळी पडतात आणि भर उन्हाळ्यात गळतात. कोवळ्या फांद्यांवर काळपट कडांचे लांबट व्रण उठतात व शेंडे वाळतात. बुरशी याच व्रणांत आणि पडलेल्या पानांत हिवाळा काढते. त्यामुळे पाने गोळा करून जाळणे व रोगट शेंडे कापणे हाच खरा उपाय. ताम्रयुक्त औषध लहान झाडाला, तेही कळ्या फुटतानाच, उपयोगी पडते. मोठ्या झाडाच्या टोकापर्यंत फवारा पोचत नाही, शिवाय विलो बहुधा तळ्याकाठी असतो आणि तांबे माशांना घातक ठरते. करप्याने झाड सहसा मरत नाही. कोरडे वर्ष आले की सावरते.

तांबेऱ्यात पानांच्या मागे नारिंगी पूड दिसते. बकरी-विलोवर पडणाऱ्या तांबेऱ्याची एक जात आयुष्याचा काही भाग लार्च वृक्षावर काढते. दाटी विरळ करून वारा खेळता ठेवला की प्रादुर्भाव कमी होतो.

ब्रेनेरिया सॅलिसिस या जीवाणूमुळे होणाऱ्या ‘वॉटरमार्क’ रोगाला औषध नाही. क्रिकेटच्या बॅटसाठी लावलेल्या पांढऱ्या विलोला त्याचा सर्वाधिक फटका बसतो. उन्हाळ्याच्या तोंडी एखाद्याच फांदीची पाने लालसर होऊन सुकतात. ती आडवी कापल्यास लाकडात पाणी मुरल्यासारखा डाग दिसतो आणि हवा लागताच गडद होतो. असे झाड तोडून जाळतात. कापणीची हत्यारे दर झाडानंतर निर्जंतुक करणे आवश्यक.

किडींत महाकाय मावा (ट्यूबेरोलॅक्नस सॅलिग्नस) लक्षवेधी. उन्हाळ्याच्या अखेरीपासून तो खोडावर व जुन्या फांद्यांवर दाट थव्याने बसतो. पाठीवरच्या काटेरी उंचवट्यामुळे ओळखू येतो आणि चिरडल्यास बोटे लाल होतात. त्याचे नर आढळत नाहीत, माद्याच पिलावळ वाढवतात. त्याच्या चिकट गोड स्रावावर गांधीलमाश्या जमतात, काळी बुरशी चढते. बाकाशेजारच्या विलोवर हा उपद्रव झाडापेक्षा माणसांनाच जास्त. लहान झाडावर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. न्यूझीलंडमध्ये 2013 मध्ये हा मावा आढळल्यावर त्यावर जगणारी पॉएसिया निग्रोव्हारिया ही परोपजीवी माशी 2020 मध्ये सोडण्यात आली.

निळसर चमकदार विलो-भुंगेरे व त्यांच्या अळ्या पानांची जाळी करतात; झुडपांवरून त्या हाताने वेचाव्यात. पानांवरच्या लाल, घेवड्याच्या दाण्यासारख्या गाठी करवतमाशीच्या अळ्यांमुळे होतात. त्या निरुपद्रवी असतात. त्यांच्यासाठी फवारणी करणे म्हणजे औषध फुकट घालवणे होय.