निकालावर पैसे: १८८२ मध्ये जोतीराव फुले काय म्हणाले होते?

पीएचडीच्या पहिल्या वर्षातली माझी एक चूक सांगते. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याचे जुने वार्षिक अहवाल वाचत होते. त्यातले पास झालेल्या मुलांचे आकडे घेऊन छान आलेख काढला आणि खाली लिहिलं, 'अनुदानित शाळांचा दर्जा सुधारत गेला.' मार्गदर्शक बाईंनी आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "या शाळांना पैसे कशाचे मिळत होते गं?"

मला सांगता आलं नाही. शोधायला गेले आणि ते वाक्य खोडावं लागलं. का, ते आज सांगते. तुमच्यापैकी कोणी स्वयंसेवी संस्था, अनुदान, सामाजिक योजना अशा विषयावर काम करणार असेल, तर ही दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे.

आधी दोन प्रश्न वेगळे करूया

अनुदान देणारा नेहमी दोन गोष्टी विचारतो. पहिली: ठरलेले नियम पाळले का? दुसरी: त्यातून घडलं काय? आज आपण पहिल्याला 'कम्प्लायन्स' म्हणतो आणि दुसऱ्याला 'आउटकम'. शब्द नवे असले तरी प्रश्न जुनेच आहेत.

१८५४ चा वुडचा खलिता आपण स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करतो. खाजगी शाळांना सहायक अनुदान देण्याचं धोरण त्यात आलं. त्याच्या अटी बघा: शाळेत चांगलं धर्मनिरपेक्ष शिक्षण मिळावं, स्थानिक व्यवस्थापन नीट असावं, सरकारी तपासणी मान्य असावी आणि मुलांकडून थोडी का होईना, फी घ्यावी. हे सगळं पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. मुलं काय शिकली, यावर पैसे अवलंबून नव्हते.

दुसरा प्रश्न पैशाला जोडला गेला तो इंग्लंडमध्ये. १८६२ मध्ये रॉबर्ट लो यांनी 'रिवाइज्ड कोड' लागू केला. त्याचा हिशेब असा: सरासरी हजेरीवर दर मुलामागे ४ शिलिंग. शिवाय सहा वर्षांवरच्या आणि पुरेशी हजेरी असलेल्या प्रत्येक मुलामागे ८ शिलिंग. पण वाचन, लेखन, गणित यातल्या ज्या विषयात मूल नापास होईल, त्या प्रत्येक विषयाचे २ शिलिंग ८ पेन्स कापायचे. तिन्हीत नापास, तर आठही गेले.

कागदावर हे अगदी रास्त वाटतं. करदात्याचा पैसा आहे, काम दाखवा आणि पैसे न्या. प्रत्यक्षात काय झालं? इतिहास, भूगोल मागे पडले, कारण त्यांचे पैसे नव्हते. मुलांकडून वाचनाचं पुस्तकच पाठ करून घेतलं जाऊ लागलं. कवी मॅथ्यू अर्नोल्ड हे स्वतः शाळा तपासनीस होते. ही पद्धत शिक्षण यांत्रिक करते, असं ते पहिल्यापासून लिहीत राहिले.

हीच कल्पना बोटीत बसून आपल्याकडे आली. १८६० च्या दशकात सर अलेक्झांडर ग्रँट शिक्षण खात्याचे प्रमुख असताना मुंबई इलाख्यात निकालानुसार अनुदान सुरू झालं. माझ्या आलेखातले आकडे या व्यवस्थेतले होते. पास झालेलं प्रत्येक मूल म्हणजे शाळेची कमाई. मग वाढत्या आकड्याचा अर्थ 'शिक्षण सुधारलं' असाही निघतो आणि 'शाळा पास होणारी मुलंच शोधू लागली' असाही. नुसत्या आकड्यावरून यातलं खरं काय, ते ठरवता येत नाही.

फुल्यांचं निवेदन

१८८२ मध्ये हंटर आयोग बसला. १९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख असलेलं जोतीराव फुल्यांचं निवेदन त्याच्यापुढे आहे. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही त्यातली मागणी सगळ्यांना माहीत असते. पण त्यात अनुदानाविषयीही एक मुद्दा आहे आणि तिकडे फारसं कोणी बघत नाही.

लक्षात घ्या, फुले हे बाहेरून टीका करणारे नव्हते. १८४८ पासून त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींसाठी आणि महार-मांग मुलांसाठी शाळा चालवल्या होत्या. देणगी, सरकारी मदत, जाहीर परीक्षा हे सगळं त्यांनी हाताळलेलं होतं. आजच्या भाषेत, संस्था चालवलेला माणूस बोलत होता.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. जे लोक गरीब आहेत, ज्यांच्यात शिक्षणाची गोडी अजून लागलेली नाही, त्यांच्यासाठी निकालावर पैसे देण्याची पद्धत अजिबात योग्य नाही. अशा वस्तीत कोणताही शिक्षक त्या भरवशावर शाळा काढणार नाही, कारण त्याचं पोटच भरणार नाही. तिथे सरकारी शाळा आणि खास उत्तेजनच हवं.

म्हणजे फुले मोजणीच्या विरोधात होते का? मुळीच नाही. त्याच निवेदनात ते म्हणतात की वर्षातून एकदा होणारी तपासणी फार कामाची नाही, निदान दर तिमाहीला व्हावी आणि मधूनमधून न कळवता भेट द्यावी. ज्या गावच्या शिक्षकाची जास्त मुलं पास होतील त्याला पगाराव्यतिरिक्त खास भत्ता द्यावा, असंही ते सुचवतात. फरक कुठे आहे? पगार ठरलेला हवा, किमान १२ रुपये. निकालाचं बक्षीस त्याच्या वर. निकालावर भाकरीच टांगायची नाही.

आणि त्यांनी मांडलेला आकडा कोणता? पास झालेल्यांचा नव्हे. इलाख्यातली जवळजवळ नऊ-दशांश गावं, सुमारे १० लाख मुलं, शिक्षणाच्या कसल्याही सोयीविना आहेत असं म्हणतात, हे ते नोंदवतात. जे मूल शाळेतच नाही, ते कोणत्याच निकालपत्रकात नसतं. माझ्याही आलेखात ते नव्हतं.

आयोगाने काय केलं? प्राथमिक शाळांचं अनुदान सर्वसाधारणपणे बऱ्याच अंशी निकालावर असावं अशी शिफारस केली. मागास भागातल्या शाळांसाठी मात्र वेगळ्या नियमांची वाट ठेवली. इंग्लंडने ही पद्धत १८९० च्या दशकात सोडली. आपल्याकडे कर्झनच्या काळात, १९०४ च्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावानंतर ती मोडीत निघत गेली.

मग आज?

आज संस्थांना उपयोगिता प्रमाणपत्र, ऑडिट, तिमाही अहवाल द्यावे लागतात. मोठ्या कंपन्यांना २०२१ पासून आपल्या मोठ्या सीएसआर प्रकल्पांचं स्वतंत्र परिणाम-मूल्यमापन करून घ्यावं लागतं. निकालावर पैसे ही कल्पनाही परत आली आहे. पण तिचं एक उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे. राजस्थानात भिलवाडा जिल्ह्यात २०१५ ते २०१८ या काळात 'एज्युकेट गर्ल्स' या संस्थेचा डेव्हलपमेंट इम्पॅक्ट बाँड राबवला गेला. यात आधी पैसे घालणारा गुंतवणूकदार वेगळा होता. ठरलेला परिणाम दिसला नाही तर तोटा त्याचा होता. शाळाबाह्य मुलींची यादी करून त्यातल्या किती दाखल झाल्या ते मोजलं. आणि शिकणं मोजलं ते पास-नापासवर नाही, तर आधीपेक्षा किती प्रगती झाली आणि ती इतर गावांच्या तुलनेत किती, यावर. शेवटी दाखल्याचं लक्ष्य ११६ टक्के आणि शिकण्याचं १६० टक्के गाठलं गेलं.

हा सगळ्या दुखण्यांवरचा उपाय आहे असं मी म्हणत नाही. पण फुल्यांच्या दोन्ही हरकतींना तिथे काहीतरी उत्तर होतं: अपयशाचा भार कोणावर पडतो आणि यादीबाहेर कोण राहतं.

तेव्हा संस्थेचा अहवाल हातात आला की आकडे एक्सेलमध्ये भरण्याआधी वहीत तीन ओळी लिहा. हा आकडा दाखवल्यावर पैसे कोणाला मिळतात? आकडा खाली आला तर कोणाच्या घरची चूल अडते? आणि या आकड्यात मुळात कोण आलंच नाही?

माझा आलेख अजून प्रबंधात आहे. फक्त खालचं वाक्य बदललं आहे. आता तिथे लिहिलंय, 'पैसे ज्याचे मिळत होते, ते वाढत गेलं.' त्यापुढचं, म्हणजे न मोजलेल्या मुलांचं, प्रकरण लिहायला घेतलंय.