खोपोली, खंडाळा आणि मधला घाट

१८५६ साली जीआयपी रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली आणि १८५८ साली खंडाळा-पुणे मार्ग खुला झाला. दोन्ही टोके तयार होती. मधला भोर घाट मात्र १८६३पर्यंत पालखीने, तट्टावरून किंवा बैलगाडीनेच ओलांडावा लागे. अंध व्यक्तींसाठी घडलेल्या साधनांचा इतिहास वाचताना हा घाट आम्हाला वारंवार आठवतो.

‘आंधळा मागतो एक डोळा’ ही म्हण मागणाऱ्याला डोळाच हवा असे गृहीत धरते. इतिहास वेगळे सांगतो. लुई ब्रेलने १८२४च्या सुमारास घडवलेली लिपी, किंवा १९५१ साली स्वीकारली गेलेली आणि मराठी वर्णांनाही सहा टिंबांत सामावून घेणारी भारती ब्रेल, यांनी डोळा दिला नाही, वाचन दिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लेस्ली के यांनी चष्म्यात श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र बसवले. परतलेल्या लहरी कानात स्वर होऊन येत. पण त्या स्वरांतून भोवताल ओळखायला मोठा सराव लागे. पुढची साधने नेमक्या प्रश्नांची उत्तरे देऊ लागली. आयआयटी दिल्लीचे स्मार्टकेन (२०१४) पांढऱ्या काठीवर बसते आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीवरचे अडथळे कंपनाने कळवते. २०१५ साली मुंबईत बेस्टच्या काही गाड्यांवर ‘ऑनबोर्ड’ची चाचणी झाली, हातातले बटण दाबले की बसच आपला क्रमांक बोलून सांगे. चष्म्याच्या दांडीला लावायचा ऑरकॅमचा कॅमेरा छापील मजकूर कानात वाचून दाखवतो.

आता कर्जतहून खोपोली लोकलने निघावे. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी ही स्थानके मोजता येतात. पण स्थानकाबाहेर वाडीकडे वळणाऱ्या पायवाटेवर पाटीच नसेल, तर वाचणाऱ्या कॅमेऱ्याने काय वाचावे? यंत्राला मराठी वाचता येत नसेल, तर पाटी असूनही उपयोग कोणता? तिथे पुन्हा कोणाचा तरी खांदा धरावा लागतो.

खांदा धरण्यात कमीपणा नाही. मात्र तो रोज धरावाच लागणे आणि वाटल्यास धरणे यांत स्वातंत्र्याचे अंतर आहे. ते केवळ उपकरणांच्या निर्मात्यांवर सोपवणे आम्हाला अपुरे वाटते. पदपथ, पाट्या आणि यंत्राला अवगत मराठी ही कामे नगरपालिका, ग्रामपंचायती आणि भाषेचे अभ्यासक यांच्या वाट्याची आहेत. घाटातला लोहमार्ग झाल्यावरही पायवाट उरली. फक्त तिच्यावाचून गत्यंतर नाही, अशी स्थिती उरली नाही.