दोन खाड्यांमधलं गोडं पाणी : वसई-विरारचा इतिहास नंदाखालहून बघताना

आज आपण वसई-विरारबद्दल बोलणार आहोत, पण सुरुवात किल्ल्यापासून करणार नाही. किल्ल्यावर पुष्कळ व्याख्यानं झाली आहेत, पुढेही होतील. आज आपण मनाने उभे राहू या विरारच्या पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला असलेल्या नंदाखालमध्ये. आगाशी, राजोडी, वटार, निर्मळ ही सगळी शेजारची गावं. इथे केळीची बाग आहे, चर्च आहे, विहीर आहे आणि विहिरीच्या शेजारी एक रुंद खड्ड्यासारखं तळं आहे. त्या तळ्याला इथले लोक ‘बावखल’ म्हणतात. आजचं सगळं व्याख्यान या एका शब्दापाशी जाऊन थांबणार आहे, म्हणून तो आत्ताच लक्षात ठेवा.

आधी भूगोल बघू. वसई तालुक्याला उत्तरेला वैतरणा आणि दक्षिणेला उल्हास. वैतरणा उगम पावते त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात. त्याच डोंगरातून गोदावरी निघते आणि पूर्वेला जाते, वैतरणा मात्र पश्चिमेला उतरते आणि अर्नाळ्यापाशी समुद्राला मिळते. उल्हास येते लोणावळ्याच्या बाजूने, ठाण्याला वळसा घालते आणि वसईच्या किल्ल्याखालून समुद्रात जाते. म्हणजे वसई हे दोन नद्यांमधलं शहर झालं. पण गंमत अशी, की या दोन्ही नद्या इथे येईपर्यंत नद्या राहिलेल्याच नसतात. त्या खाड्या झालेल्या असतात. भरतीचं पाणी मैलोगणती आत शिरतं. उत्तरेला खारं, दक्षिणेला खारं, पश्चिमेला तर समुद्रच. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर. मग या पट्ट्यात माणसं प्यायली काय आणि केळी पिकली कशावर?

उत्तर जमिनीखाली आहे. पावसाळ्यात इथे साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. किनाऱ्याच्या वाळूत तो मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. याचा एक हिशेब भूजलशास्त्रात प्रसिद्ध आहे. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल, तर त्याच्या खाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी टिकतं. ऐकायला छान वाटतं. पण हाच हिशेब उलटा करून बघा. वरची पातळी एक फूट कायमची उतरली, तर खालून खारं पाणी चाळीस फूट वर सरकतं. वसईचा अडीच हजार वर्षांचा इतिहास या हिशेबावर उभा आहे असं आम्ही म्हटलं, तर ती अतिशयोक्ती समजू नका. आता तो इतिहास क्रमाने बघू.

पहिला टप्पा सोपाऱ्याचा. आज आपण नालासोपारा म्हणतो ते प्राचीन शूर्पारक. महाभारतात ते आहे, बौद्ध ग्रंथांत आहे, ग्रीक लेखकांच्या नोंदींत ‘सुप्पारा’ म्हणून आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप उकरला. लोक त्या टेकाडाला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. आतून अस्थिपात्र निघालं, बुद्धाच्या आठ छोट्या मूर्ती निघाल्या. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. अशोकाचे लेख राजमार्गावर आणि मोठ्या बाजारपेठांत कोरलेले असायचे. म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सोपारा हे तसं ठिकाण होतं.

पण आम्हाला आज दाखवायचा आहे तो दुसराच लेख. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात त्याच्या दानांची यादी आहे. चार गावांत त्याने प्रवाशांसाठी निवारे बांधले, त्यांतलं एक शूर्पारक. आणि तिथेच पुढे काय येतं? बागा, तळी, विहिरी. त्यानंतर नद्यांवरच्या फुकट होड्या. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा मजकूर आहे. त्या काळच्या दात्याला बंदराच्या गावासोबत कोणती पुण्यकर्मं आठवली बघा: होडी, विहीर, तळं, बाग. खाऱ्या पाण्यावर व्यापार करायचा आणि गोड्या पाण्यावर जगायचं, हे या किनाऱ्याचं सूत्र तेव्हाच पक्कं झालेलं होतं.

सोपाऱ्याचं बंदर पुढे गाळाने भरलं. खाडी उथळ झाली, जहाजं दूर गेली. नदी शहर वसवते आणि नदीच ते मागे टाकून पुढे जाते. हे वसईने आधीच एकदा पाहिलेलं आहे.

दुसरा टप्पा पोर्तुगिजांचा. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगिजांना दिली. १५३६ पासून किल्ल्याचं बांधकाम सुरू झालं. जागा बघा कशी निवडली: उल्हासच्या मुखावर, तिन्ही बाजूंनी पाणी आणि दलदल, एकच बाजू जमिनीची. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसईच्या गावागावांत चर्च उभी राहिली, नंदाखालचं चर्च त्याच काळातलं. धर्म बदलला, पण शेती बदलली नाही आणि भाषाही गेली नाही. इथल्या सामवेदी समाजाची कादोडी बोली आजही घरात बोलली जाते, ख्रिस्ती घरांत आणि हिंदू घरांतही. प्रार्थना मराठीत होते. चारशे वर्षांत राज्यं चार झाली, बागायत मात्र तीच राहिली.

तिसरा टप्पा मराठ्यांचा. वसईची मोहीम १७३७ ते १७३९. आपण शाळेत तटाला लावलेले सुरुंग आणि चिमाजी आप्पांचा निर्धार वाचतो, ते खरंच आहे. पण मोहिमेचा नकाशा पाण्याच्या बाजूने वाचून बघा. १७३७ मध्ये ठाणं घेतलं, म्हणजे उल्हासची आतली वाट तोडली. त्याच वर्षी अर्नाळा घेतला, म्हणजे वैतरणेच्या तोंडावर पहारा बसला. १७३९ मध्ये वसईसमोरचा, खाडीपलीकडचा धारावीचा किल्ला घेतला, म्हणजे खाडीचं दुसरं काठही हातात आलं. मग जमिनीच्या एका बाजूने निकराचा हल्ला केला. मे १७३९ मध्ये वसई पडली. शरण आलेल्या फौजेला मानाने जाऊ दिलं. चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात ती घंटा आजही बघता येते.

पुढचं थोडक्यात सांगतो. १७८० मध्ये इंग्रजांनी वसई घेतली, सालबाईच्या तहाने ती मराठ्यांना परत मिळाली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इथेच वसईचा तह केला आणि मराठी सत्तेचं स्वातंत्र्य इंग्रजांच्या हाती गेलं. किल्ल्याची गोष्ट इथे संपते. आपली गोष्ट मात्र आता सुरू होते.

कारण १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. दिवसाला जाणारी एक, येणारी एक. आज आपण विरार लोकलकडे नोकरदारांची गाडी म्हणून बघतो, पण वसईच्या बागायतदाराला ती बाजारात नेणारी गाडी होती. केळी, भाजी, नागवेलीची पानं, फुलं, दूध हे सगळं मुंबईला जाऊ लागलं. राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली सुकेळी निर्मळच्या जत्रेतून घरोघर पोचत होतीच. आता गिऱ्हाईक मुंबईएवढं मोठं झालं.

या सगळ्याला पाणी कुठून? विहिरीवर रहाट असे. बैल किंवा रेडा गोल फिरायचा, मातीच्या लोट्यांची माळ पाणी वर आणायची, पाटाने ते वाफ्यांत जायचं. जनावर दमलं की पाणी थांबायचं. विहिरीलाही तेवढी विश्रांती मिळायची, आणि आजूबाजूच्या वाळूतून ती पुन्हा भरायची. शेजारी बावखल. पावसाचं पाणी तिथे साठायचं, सावकाश मुरायचं, विहिरींना पुरवठा करायचं. मे महिन्यापर्यंत बागा हिरव्या राहायच्या त्या यामुळे. बावखल म्हणजे या गावाची पाण्याची बँक. तिथून व्याज काढायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही. हे शास्त्र कोणी पुस्तकात लिहिलं नाही. उषवदाताच्या तळ्यापासून नंदाखालच्या बावखलापर्यंत ते हातांनीच चालत आलं.

मग पंप आला. इंजिनाचा, नंतर विजेचा. पंप दमत नाही. पाण्याची पातळी उतरली, आणि मघाशी आपण केलेला तो उलटा हिशेब खरा होऊ लागला. किनाऱ्याकडच्या विहिरी मचूळ झाल्या. त्यातच मुंबई उत्तरेला वाढत आली. इमारती उठल्या, त्यांना नळ नव्हते, म्हणून गावांच्या विहिरींतून टँकर भरले जाऊ लागले. शेतकऱ्यालाही मोह होता: केळीपेक्षा पाणी विकून पैसा लवकर मिळतो. १९९० मध्ये शासनाने या भागाचं नियोजन सिडकोकडे दिलं आणि हिरव्या पट्ट्याचं काय होणार, हा प्रश्न घराघरांत गेला.

याच काळात ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली. तिचे नेते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. १९४२ साली याच नंदाखालात त्यांचा जन्म झाला. पुढे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं. महाराष्ट्र त्यांना ‘सुबोध बायबल’चे लेखक म्हणून ओळखतो. वसईत मात्र लोक त्यांना आधी टँकर आणि बेकायदा बांधकामांविरुद्ध रस्त्यावर उतरलेला माणूस म्हणून आठवतात. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान असे सगळे त्या आंदोलनात होते. विहिरीला जात-धर्म नसतो, ती सगळ्यांची एकदमच खारट होते.

आंदोलनाने पश्चिमेचा बराच हिरवा पट्टा वाचला. पण शहर थांबलं नाही. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावं मिळून महापालिका झाली, तिच्यात जायला अनेक गावांनी मोठा विरोध केला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाखांवर गेली. आता या शहराला पाणी कुठून येतं? वैतरणेचं आणि तिच्या उपनदीचं, तानसाचं गोडं पाणी वरच्या वर अडवून मुंबईला जातं, तानसाचं तर १८९२ पासून. वसईच्या वाट्याला वैतरणेचं खारं टोक. म्हणून वसई-विरार सूर्या नदीचं पाणी आणतं. नव्या योजनेत त्याचा वाटा दिवसाला १८.५ कोटी लिटर धरला आहे. ते धरण मुळात सिंचनासाठी बांधलेलं. म्हणजे आपली विहीर खारी झाली, तर त्याची किंमत वरच्या तालुक्यातला आदिवासी शेतकरी मोजतो. हे बोलायला अवघड आहे, पण बोलायला हवं.

आणि जुलै २०१८ आठवा. उन्हाळ्यात पाणी नसलेलं हे शहर पावसात बुडालं. रेल्वे बंद पडली, वीज गेली, मिठागरात अडकलेल्या माणसांना बाहेर काढावं लागलं. तुंगारेश्वरवरून उतरणारं पाणी पूर्वी शेतात, पाणथळीत, बावखलात पसरायचं. आता वाटेत भराव आणि इमारती आहेत. त्यानंतर महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबई यांच्या तज्ज्ञांकडून अभ्यास करून घेतला. त्यांनी सुचवलेल्या उपायांत एक होता धारण तलाव. पावसाचं पाणी काही काळ धरून ठेवणारं तळं. नंदाखालच्या कुठल्याही आजीला विचारा, ती म्हणेल, ‘अरे, म्हणजे बावखलच की!’

आम्हाला आज एवढंच मांडायचं होतं. वारसा म्हटलं की आपण दगड मोजतो: स्तूप, किल्ला, चर्च, देऊळ. ते जपलेच पाहिजेत, आणि त्यांतल्या काहींना कायद्याचं संरक्षण आहे. बावखल मात्र कुणाच्या तरी वाडीतला खड्डा असतो. तो एका रात्रीत दोन डंपर मातीने बुजतो आणि सातबाऱ्यावर त्याची खूणही राहत नाही. तेव्हा पहिलं काम म्हणजे गावोगावची बावखलं मोजायची, नकाशावर घ्यायची, त्यांच्या मालकांना ती राखण्याबद्दल करात सवलत द्यायची. दुसरं काम म्हणजे नव्या इमारतीच्या आराखड्यात पाणी मुरायला जागा ठेवायची, नुसती कागदावर नाही.

वसई बघायला जाल तेव्हा किल्ला जरूर बघा. पण परतताना नंदाखालकडे वळा. एखाद्या वाडीच्या मालकाला विचारून विहिरीचं ओंजळभर पाणी चाखा. ते अजून गोड लागलं, तर या शहराचा इतिहास अजून चालू आहे असं समजा.