तळटीप २७ : पोतराजाचा आसूड

२७. उताऱ्यातले वारजे १९९७ साली पुणे महापालिकेत जाण्याआधीचे, मुठेकाठचे गाव आहे. पोतराज हा मरीआईचा भक्त. वाढवलेले केस, कमरेला खणांच्या तुकड्यांचा घागरा, पायांत घुंगरू. सोबतची बाई डोक्यावर देवीचा देव्हारा घेऊन ढोलके गुबुगुबु वाजवते आणि तो उघड्या अंगावर आसूड ओढून घेतो. काही फटके नुसते हवेत फुटतात, आवाजापुरते. सगळे नव्हे, पाठीवरचे वळ खरे असतात. दंडाला दोरी आवळून दाभण टोचून घेणारेही असत. घरातली बाई पसाभर जोंधळे घेऊन उंबऱ्यावर आली की हात थांबतो. म्हणजे मार किती वेळ चालणार, हे बरेचसे बघणाऱ्यांवर असते.

बघणाऱ्यांवर सोपवलेल्या देहाचे एक उदाहरण आधुनिक कलेतही आहे. परफॉर्मन्स कलावंत मरिना अब्रामोविच हिने १९७४ साली नेपल्समध्ये ‘रिदम शून्य’ या प्रयोगात टेबलावर ७२ वस्तू मांडल्या. त्यांत गुलाब होता, पिस्तूल आणि गोळीही. सहा तास प्रेक्षकांनी तिच्या शरीराशी हवे ते करावे, अशी मुभा होती. लोकांनी तिचे कपडे कापले. पिस्तूल तिच्यावर रोखले गेले तेव्हा प्रेक्षकांतलेच काही मध्ये पडले. पोतराजाला या प्रयोगाशेजारी बसवताना फार जपायला हवे. तिने जोखीम स्वतः निवडली होती, तिला मुदतही होती. पोतराजपण मात्र नवसाने किंवा घराण्याने, बहुतेकदा दलित घरातल्या पोराच्या माथी यायचे. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीनंतर अनेक कुटुंबांनी ते नाकारले, मुलांचे केस कापले आणि त्यांना शाळेत घातले.