बाबांची वही

परवा माळा आवरताना बाबांची एक जुनी वही सापडली आणि मन एकदम चाळीस वर्षं मागे गेलं.

बाबा एका तालुक्याच्या गावी महसूल खात्यात कारकून होते. (गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही.) सुट्टीत मी डबा घेऊन कचेरीत जायचो. ताई, तुलाही आठवत असतील ते गठ्ठे! लाल कापडात बांधलेले. कपाटावर, टेबलाखाली, खिडकीत, जिन्यातसुद्धा. व्हरांड्यात माणसं उकिडवी बसलेली. आपला कागद कुठल्या टेबलावर आहे हे पट्टेवाल्याला विचारायचं, आणि तो सांगेल तेव्हा सांगेल.

मग १९८०च्या दशकात घरात एक नवा शब्द आला, 'लखिना पॅटर्न'.

अनिलकुमार लखिना हे सनदी अधिकारी तेव्हा अहमदनगरचे (आताचं अहिल्यानगर) जिल्हाधिकारी होते. त्यांनी आधी हात घातला तो जुन्या कागदांना. अ वर्ग कायम ठेवायचा, ब वर्ग ३० वर्षं, क वर्ग त्याहून कमी, आणि ड वर्ग वर्षभराने नष्ट करायचा, हे नियम होतेच. पाळत कोणी नव्हतं, इतकंच. त्यांनी ते पाळायला लावलं आणि खोल्या मोकळ्या झाल्या. मग बसण्याची मांडणी बदलली. कोणाकडे कोणतं काम हे ठरवून दिलं. लोकांना एकाच जागी चौकशी करता येईल अशी सोय केली. पुढे ही पद्धत राज्यभर पसरली आणि आमच्या गावीही पोचली.

बाबा वैतागले होते. "साहेबलोकांची नवी थेरं!" रविवारीसुद्धा कचेरी. रात्री धुळीने खोकत घरी यायचे.

एके दिवशी आले आणि न जेवताच झोपले. का, ते आईने नंतर सांगितलं. एका गठ्ठ्यात एका विधवा बाईचा वारसनोंदीचा अर्ज सापडला होता. चार वर्षांपूर्वीचा. त्यावर शेरा बाबांच्याच अक्षरात. ती बाई अनेकदा येऊन गेली होती आणि दर वेळी 'कागद वर गेलाय' असं ऐकून परतली होती. कागद बाबांच्याच टेबलाखाली होता!

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने बाबा तिच्या गावी गेले. तिने चहा केला आणि विचारलं, "साहेब, आता परत अर्ज करावा लागंल का?"

बाबा हे आयुष्यात एकदाच बोलले, तेही माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी.

पुढे नोकरीत 'बिझनेस प्रोसेस रीइंजिनिअरिंग' हा भारदस्त शब्द कानावर पडला. मायकेल हॅमर यांचा गाजलेला लेख १९९०चा. निरुपयोगी कामं नुसती संगणकावर चढवू नका, ती काढूनच टाका, असा त्याचा सारांश. वाचताना मला बाबांची कचेरी दिसत होती. तिथे तर संगणकही नव्हता! कापड, सुतळी आणि 'हा कागद इथे का आहे?' एवढा एक प्रश्न.

मला वाटतं, त्या अर्जाच्या बाबतीत कोणी पैसे खाल्ले नव्हते, कोणी लबाड नव्हतं. अडकलेला कागद कोणाच्या नजरेत येईल अशी जागाच त्या कचेरीत नव्हती. चांगला माणूससुद्धा वाईट पद्धतीत बसवला की त्याच्या हातून अन्याय होतो, आणि त्याला तो कळतही नाही. हे जास्त भीतीदायक आहे.

२००५च्या कायद्याने महाराष्ट्रात एखादी फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त एका टेबलावर ठेवायची नाही असं ठरलं. २०१५ला लोकसेवा हक्क कायदा आला. डिजिटल सहीचा सातबारा आता घरबसल्या मिळतो. चांगलंच आहे. पण स्क्रीनवर 'प्रलंबित' दिसलं की मला अजूनही तो टेबलाखालचा गठ्ठाच आठवतो.

असो. सापडलेली वही त्या दिवसांनंतरचीच आहे. बाबांनी हाताने रकाने आखलेत: अर्जाची तारीख, काम, कोणाकडे, निकाल. पहिल्या ओळीत त्या बाईंचं नाव आहे. शेवटच्या रकान्यात 'नोंद प्रमाणित' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्यात.

बाकी कुठल्याच नोंदीखाली रेघा नाहीत.