जुना टोन नेमका कुठून आला? १९६६ सालच्या एका अल्बमची गोष्ट

आजचं व्याख्यान ठरलं ते एका प्रश्नामुळे. आमच्या एका तरुण श्रोत्यानं विचारलं होतं, "वर्षभर पैसे साठवून नवी इलेक्ट्रिक गिटार घेतली. आता जाणकार सांगतात की खरा टोन जुन्या वाद्यांतच होता, नव्यात तो येणारच नाही. मग माझे पैसे पाण्यात गेले का?" प्रश्न पैशाचा दिसतो, पण आमच्या मते तो इतिहासाचा आहे. हा जो 'जुना टोन' म्हणतात, तो ज्यांनी पहिल्यांदा काढला त्यांच्या हातात त्या दिवशी काय होतं? जुनी वाद्यं होती का? एकच उदाहरण घेऊन आपण हे पाहू, कारण दहा उदाहरणं घेतली की नुसती नावांची यादी होते.

उदाहरण लंडनचं आहे. १९६६ साली वेस्ट हॅम्पस्टेड भागातल्या डेक्का कंपनीच्या स्टुडिओत जॉन मेयॉल यांच्या 'ब्लूजब्रेकर्स' या गटानं एक अल्बम ध्वनिमुद्रित केला. निर्माते माइक व्हर्नन, ध्वनिमुद्रक गस डजन, आणि गिटारवर एरिक क्लॅप्टन, वय जेमतेम एकवीस. मुखपृष्ठावर क्लॅप्टन 'बीनो' हे मुलांचं कॉमिक वाचत बसलेला आहे, म्हणून लोक त्याला 'बीनो अल्बम' म्हणतात. या अल्बमवरचा गिटारचा आवाज भरदार आहे, सूर लांबत जातो, आणि त्याची कड किंचित फाटलेली आहे. गेली साठ वर्षं गिटारवाले या आवाजाच्या मागे आहेत. 'व्हिंटेज टोन' म्हटलं की पहिलं बोट इथंच जातं.

आता सामान पाहू. गिटार होती गिब्सन कंपनीची लेस पॉल स्टँडर्ड, पिवळ्या-लाल 'सनबर्स्ट' रंगाची. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कॅलमझू नावाच्या गावी गिब्सनचा कारखाना होता. तिथं हा प्रकार १९५८ ते १९६० एवढी तीनच वर्षं निघाला. एकूण नग दीड हजाराच्या आसपास. का थांबवला? खपत नव्हता म्हणून. गिटार जड आणि महाग, आणि तेव्हाच्या तरुणांना जुनाट वाटणारी. १९६१ मध्ये कंपनीनं तिचा आकारच बदलून टाकला. क्लॅप्टनला ती हवीशी वाटली ती फ्रेडी किंग या ब्लूज गायक-वादकाच्या एका रेकॉर्डच्या कव्हरवर लेस पॉल पाहून. त्यानं लंडनच्या एका दुकानातून सेकंडहँड घेतली. म्हणजे अल्बमच्या वेळी ती फार तर सात-आठ वर्षांची, कंपनीनं बंद केलेली, वापरलेली गिटार होती. तिला कुणी 'व्हिंटेज' म्हणत नव्हतं. आज तिच्यासारखी एखादी चांगली गिटार काही लाख डॉलरना जाते.

अँप्लिफायरची गोष्ट तर आणखी मजेदार आहे. पश्चिम लंडनमध्ये हॅनवेल इथं जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. अमेरिकन फेंडर अँप इंग्लंडमध्ये फार महाग पडायचे. तेव्हा केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या त्यांच्या माणसांनी फेंडरच्या 'बेसमन' अँपचं सर्किट समोर ठेवून घरचा अँप बांधला. सर्किट जवळपास तेच, पण सुटे भाग हाताशी असलेले ब्रिटिश. पुढं त्यात केटी सिक्स्टीसिक्स हे ब्रिटिश व्हॉल्व्ह आले, स्पीकर सेलेस्टियन कंपनीचे. ज्यांना घरातला जुना मर्फी रेडिओ आठवतो त्यांना व्हॉल्व्ह वेगळा समजावून सांगायला नको. लावला की मिनिटभर थांबायचं, काच तांबूस उजळायची, मग आवाज यायचा. तीच ही काचेची नळी. नक्कल करताना सामान बदललं आणि आवाजही बदलला. क्लॅप्टनकडे याच घराण्यातला, दोन बारा-इंची स्पीकर एकाच पेटीत बसवलेला मॉडेल होता. त्याचा क्रमांक १९६२, आणि हे साल नाही, कॅटलॉगमधला आकडा आहे. आमचाही इथं एकदा घोटाळा झाला होता.

तर १९६६ मध्ये हा अँप कोरा होता. बाजारात नुकता आलेला, स्वस्तात मिळावा म्हणून नक्कल करून बनवलेला. ज्या आवाजाला आज 'व्हिंटेज' म्हणतात, तो काढायला एक नको झालेली सेकंडहँड गिटार आणि एक नवा करकरीत अँप वापरला गेला.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे आवाजाची पातळी. व्हॉल्व्ह अँप बनवणारे इंजिनिअर आवाज स्वच्छ ठेवायचा प्रयत्न करत. अँपला त्याच्या ताकदीपलीकडे ढकललं की लाटेचे माथे कापले जातात, मूळ सुरात नसलेले स्वर मिसळतात. इंजिनिअरच्या भाषेत हा दोष. क्लॅप्टनला तोच हवा होता, आणि तो अँप पूर्ण वाढवल्याशिवाय येत नाही. स्टुडिओत त्यानं आवाज कमी करायला सरळ नकार दिला. तेव्हाच्या ध्वनिमुद्रकाच्या शिस्तीत हे बसणारं नव्हतं. पण केलं. गिटार आणि अँपइतकंच श्रेय आम्ही या हट्टाला देऊ.

मग हे सामान 'व्हिंटेज' कधी झालं? त्याला कारखान्यांची विक्री कारण झाली. १९६५ च्या जानेवारीत लिओ फेंडर यांनी आपली कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. १९६९ मध्ये गिब्सनची मालकीही बदलली, पुढं ती नॉर्लिन या नावाखाली गेली. मोठ्या कंपन्यांच्या हाती गेल्यावर उत्पादन वाढलं आणि कारागिरी ढिली पडली, ही तक्रार सत्तरच्या दशकात वादक उघड करू लागले. ती बरीचशी खरी होती. नव्याचा कंटाळा आला म्हणून जुन्याला भाव चढला. १९७० मध्ये क्लॅप्टननं नॅशव्हिलच्या एका दुकानातून पन्नाशीतल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार किरकोळ भावात उचलल्या. तिघींचे भाग जोडून त्यानं एक केली, 'ब्लॅकी'. २००४ साली क्रिस्टीजच्या लिलावात ती ९,५९,५०० डॉलरना गेली.

पण 'सीबीएसच्या आधीची ती खरी' या नियमाला सर्वांत मोठा अपवाद सर्वांत मोठ्या वादकाचाच आहे. १९६९ मध्ये वुडस्टॉकला जिमी हेंड्रिक्सच्या हातात जी पांढरी स्ट्रॅटोकास्टर होती ती १९६८ ची, म्हणजे सीबीएसच्याच काळातली. साधारण वर्षभर जुनी! पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरची काळी स्ट्रॅटोकास्टर १९६९ ची. तिचा दांडा वेळोवेळी बदलला, पिकअपही बदलले. २०१९ मध्ये ती ३९ लाख ७५ हजार डॉलरना विकली गेली. खरेदीदारानं लाकडासाठी एवढे पैसे दिले असतील असं आम्हाला वाटत नाही.

इतकं बोलल्यावर कुणी म्हणेल, मग जुन्या-नव्यात फरकच नाही? आहे. तो नाकारणं हा दुसऱ्या टोकाचा हट्ट झाला.

पिकअप घ्या. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी दोन वेटोळी उलटसुलट जोडून विजेची गुणगुण मारणारा पिकअप शोधला. पेटंटचा अर्ज १९५५ चा, मंजुरी १९५९ ची. मधल्या काळात खाली 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशी चिकटपट्टी लावायचे, त्यावरून त्या पिकअपना 'पीएएफ' नाव पडलं. वेटोळ्यावर तार गुंडाळणारं यंत्र नेमक्या फेऱ्यांना आपोआप थांबत नसे. बाई-माणसं अंदाजानं थांबवत. कधी फेरे कमी, कधी जास्त. चुंबकही हाती येईल त्या प्रतीचं. त्यामुळे दोन पीएएफ एकसारखे नसत. एकाचा रोध सात हजार ओहम, तर दुसऱ्याचा नऊ हजारांच्या जवळ. आता विचार करा, 'पीएएफचा आवाज' असं एकवचनी काही होतं का? आपण ज्यांची नावं घेतो त्या गिटार त्यातल्या नशीबवान होत्या. बाकीच्या सामान्य गिटारवर कुणी अल्बम काढला नाही, म्हणून त्या आपल्या कानावर पडल्याच नाहीत. पीटर ग्रीनच्या १९५९ च्या लेस पॉलमध्ये तर एका पिकअपचं चुंबक उलटं बसलेलं होतं. त्यातून जो पोकळ, नाकातला आवाज येतो तो मिळवायला आज लोक मुद्दाम चुंबक उलटं करून घेतात.

रंगाचंही तसंच. त्या सनबर्स्टमधला लाल रंग उन्हात उडायचा. कारखान्याच्या दृष्टीनं खराब माल, म्हणून १९६० मध्ये टिकाऊ लाल आणला. उडालेल्या रंगाच्या गिटारना आज 'लेमन', 'टी' अशी लाडकी नावं आहेत, आणि नव्या गिटारवर तो उडालेला रंग हुबेहूब रंगवून देतात. फेंडरनं १९९५ पासून मुद्दाम घासून-ओरबाडून 'रेलिक' गिटार विकायला सुरुवात केली. गिब्सननं २०२१ मध्ये त्यासाठी खास विभागच उघडला, आणि त्याचं नाव 'मर्फी लॅब'. आपल्या रेडिओशी संबंध नाही, पण आम्हाला हसू आलं.

लाकडाच्या वादात मात्र आपला थेट संबंध येतो. बोटं ज्यावर फिरतात ती पट्टी गिब्सन ब्राझिलच्या रोझवुडची करत असे. साठच्या दशकाच्या मध्यानंतर ते लाकूड दुर्मीळ होत गेलं, आणि १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळपास बंदीच आहे. त्याची जागा घेतली भारतीय रोझवुडनं. म्हणजे आपला शिसव, ज्याची कपाटं आणि देव्हारे वाड्यांतून असत. 'ब्राझिलियन म्हणजे खरा टोन, भारतीय म्हणजे तडजोड' असं ठामपणे लिहिणारे आजही आहेत. अकूस्टिक गिटारच्या पाठीला शिसव लावला तर चर्चा तरी होऊ शकते. इलेक्ट्रिकमध्ये चुंबक ऐकतं ते पोलादी तारेचं हलणं. पट्टीच्या पातळ लाकडाचा त्यात किती वाटा, याबद्दल आम्ही फार उदार नाही.

एक चाचणी सांगतो, गिटारची नाही, व्हायोलिनची. २०१० मध्ये इंडियानापोलिसला क्लॉदिया फ्रित्झ आणि सहकाऱ्यांनी २१ वादकांना अंधाऱ्या खोलीत गडद चश्मे घालून तीन जुनी इटालियन आणि तीन नवी व्हायोलिन वाजवायला दिली. कल नव्यांकडे गेला. नंतर पॅरिसच्या चाचणीत दहा नामवंत एकल वादकांपैकी सहांनी नवं वाद्य पसंत केलं. जिथं लाकडाचा वाटा खरोखर मोठा, तिथं ही गत. गिटारबाबतीत नॅशव्हिलच्या जिम लिल यांनी तर गंमतच केली. गिटारचं अंगच काढून टाकलं, टेबल आणि फळीच्या मध्ये तारा ताणल्या, तोच पिकअप त्याच अंतरावर धरला. आवाज चांगल्या गिटारच्या इतका जवळ आला की ऐकणाऱ्याची पंचाईत व्हावी.

मघाशी आम्ही दोन तुकडे ऐकवले, आठवतं? बहुतेक हात वर आले की पहिला नव्या गिटारचा आणि दुसरा, मऊ वाटणारा, जुनीचा. दोन्ही वेळी गिटार एकच होती, गेल्या वर्षी घेतलेली. पहिल्या वेळी केबल तीन मीटरची होती, दुसऱ्या वेळी नऊ मीटरची, गुंडाळीची, जुन्या धाटणीची. केबल लांब झाली की तिची विद्युत धारकता वाढते आणि वरचे तीव्र स्वर बोथट होतात. साठच्या दशकात अनेक जण असल्या केबल वापरत. जुना मऊपणा पुष्कळदा तिथून येतो, आणि त्याची किंमत काही शे रुपये.

आम्हाला विचाराल तर क्रम असा. आधी स्पीकर आणि अँप किती वाढवलाय ते, मग पिकअप, मग केबल, आणि लाकूड बरंच शेवटी. हातात धरल्यावरचं सुख वेगळं. जुन्या गिटारचा दांडा पन्नास वर्षं हातांनी घासून गुळगुळीत झालेला असतो, त्यावर बोट हलकं चालतं, आणि माणूस बरं वाजवतो. हे आम्ही खोटं म्हणणार नाही. पण जुना अँप म्हणजे १९६६ चा आवाज, असं धरू नका. साठ वर्षांत त्यातले कॅपॅसिटर सुकतात, रोधांचे आकडे सरकतात, स्पीकरचा कागद मऊ पडतो. क्लॅप्टनचा अँप त्या दिवशी जसा होता तसा आवाज हवा असेल, तर नव्यानं बांधलेला अँप जास्त जवळ जाईल.

व्हॉल्व्हची काळजी मात्र खरी आहे. ते आता प्रामुख्यानं रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात. मार्च २०२२ मध्ये रशियातून निर्यात थांबल्याची बातमी आली आणि वादक साठा करायला धावले. त्यामुळे डिजिटल नकलांना जोर आला. १९९८ मध्ये लाइन सिक्सचा 'पॉड' आला, २०११ मध्ये जर्मनीच्या केंपरनं खऱ्या अँपची नोंद घेणारं यंत्र दाखवलं, आता न्यूरल नेटवर्क आलंय. लोक म्हणतात की यात अँपसमोर उभं राहण्याची मजा नाही. बरोबर आहे, कारण यंत्र सहसा मायक्रोफोनला ऐकू आलं तेच पकडतं. पण बीनो अल्बमवर आपण ऐकतो तेही मायक्रोफोनला ऐकू आलेलंच आहे. जुलै १९६६ मध्ये तो आला तो मोनो. त्या खोलीत अँप कसा वाजत होता, हे त्या खोलीत होते त्यांनाच माहीत.

आणि ती गिटार? क्लॅप्टन त्याच वर्षी 'क्रीम' या नव्या गटाची तालीम करत असताना ती चोरीला गेली. सार्वजनिकरीत्या ती पुन्हा कधी समोर आली नाही. त्यामुळे ज्या टोनशी तुमच्या नव्या गिटारची तुलना होते, त्या टोनची मूळ गिटार कुणालाच तपासायला मिळालेली नाही. त्या तरुण मित्राला आम्ही उत्तर पाठवलंय: गिटार ठेव, अँपचा स्पीकर बदलून पाहा, आणि एखाद्या रविवारी मोकळी खोली मिळवून अँप पूर्ण वाढव. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून हात वर आहे, बोला.